नुकसानीची वही

किहिमकरांना हवाय पहिला नंबर.
पास्कूला गाडीची बनावट,
सिलिंडर किती, चाकाला आरे किती.
दोघं सत्तरीपार, दोघांच्या नखांत ग्रीस,
आणि वागळे इस्टेटच्या शेडमध्ये ताडपत्रीखाली
चोवीस सालची एक गाडी,
जिचे निम्मे अवयव भिवंडीच्या भंगारातून परत आलेत.

मी यातली नव्हे. मी रेकॉर्ड रूममधली.
एकतीस वर्षं ठाण्याच्या कचेरीत दप्तरं झटकली.
मोडी येते म्हणून मला बोलावलं.

शर्यत झाली होती, एवढं नक्की.
माजिवड्याच्या नाक्यापासून घोडबंदरच्या किल्ल्यापर्यंत,
सव्वीस सालच्या माघात, मुरमाच्या रस्त्यावर,
सात हवागाड्या.
कप कोणी नेला, वेळ किती लागला,
त्या कागदांचा वाळवीने भुगा केला.
उरली ही एवढीच.

कोंबड्या तीन, ओवळे, मालकीण सोनाबाय. बारा आणे.
बकरी एक, गाभण, कासारवडवली. साडेचार रुपये.
मडकी गाडाभर. बैल बुजून गाडा कलंडला.
कुंभार सहा मागतो, तीन दिले.

किहिमकर म्हणाले, वाचत रहा, नंबर येईल.
वाचत राहिले.
पेंढ्याची उडवी जळाली, नळीतून ठिणगी उडाली असे म्हणणे.
"ठिणगी?" पास्कू उठलाच. "म्हणजे सायलेन्सर काढला होता त्यांनी!"
आणि इतका खूश झाला
की त्या दिवशी चहा त्याने मागवला.

मग पान अकरा.
लाडक्या बिन रूपजी, वारली, वय नऊ.
गायमुखच्या वळणावर लाल निशाण धरण्यास ठेवला.
डावा पाय

वाळवी, किहिमकर म्हणाले.
वाळवी नाही.
वाळवीला मी ओळखते, तिची-माझी नोकरी एकाच कचेरीत झाली.
ती कडेने येते, भोकं पाडते,
लिहिलेलं-कोरं असा भेद करत नाही.
हे पान धडधाकट आहे.

मोडीत आधी रेघ ओढतात,
या काठापासून त्या काठापर्यंत,
मग तिला अक्षरं टांगतात, टाक होईल तितका न उचलता.
इथे रेघ काठापर्यंत गेलीय.
'पाय'नंतर तिला काही टांगलेलं नाही.
चार बोटं नुसती रेघ.
आणि खालच्या ओळीत
बदक एक, नागला बंदर, सहा आणे.

कुठल्या गाडीने, तेही नाही.
सातही गाड्या ज्याच्यासमोरून वळल्या
त्या पोराला कोणी विचारलं नसणार, पहिली कुठली रे?
किंवा त्याला माहीत असेल, चांगलंच.
त्या दुपारी मला पहिल्यांदा वाटलं,
पहिला नंबर सापडूच नये.
बोलले नाही. किहिमकरांनी त्यापायी
दोन चष्मे आणि प्रॉव्हिडंट फंड घालवलाय.

दर फेब्रुवारीत आम्ही गाडी काढतो, पहाटे चारला,
मेट्रोच्या खांबाखांबांतून, मागच्या सीटवर मी, मांडीवर वही.
यंदा म्हटलं, गायमुखला थांबवा.
कशाला?
थांबवा तर.

थांबलो. वळण आता तेवढं उरलेलं नाही,
डोंगर खरवडून सरळ केलंय.
खाडीचा खारट वास, एक बंद टपरी,
कठड्याला पांढरे-काळे पट्टे.
काही दिसायचं नव्हतं, आणि दिसलं नाही.
किहिमकर घड्याळ बघत होते.
मला तिथे काय करायचं होतं, ते मलाही नीट सांगता आलं नसतं.

निघायला गेलो तर गाडी चालू होईना.
किहिमकर बॉनेटमध्ये, हँडल मारून घामाघूम,
मी टॉर्च धरलेला,
आणि मागून डंपर, एकामागे एक,
उतारावरून सुटल्यासारखे.

पास्कू वीस पावलं मागे गेला.
खिशातून तेलाचं फडकं काढलं त्याने, लाल,
आणि रस्त्यात उभा राहून हलवायला लागला,
डंपरवाल्यांना दिसावं म्हणून.

पास्कू, म्हटलं, आत हो.
झालो की, तो म्हणाला.
अजून आत.